स्वरूपाची पाठ

"थांबा," ती म्हणाली आणि मी हात उचलले.

माझी बोटं तिच्या डाव्या पावलाला जेमतेम लागली होती. मी थोडी मागे सरकले, हात मांडीवर उताणे ठेवले आणि वाट बघत बसले. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. दारापाशी विभावरीताई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या वहीतून मान वर काढत नव्हत्या, पण त्यांचा कान आमच्याकडेच होता.

"आता ठेवा."

"डाव्या पावलावर ठेवते हं," असं सांगून मी हात ठेवले.

"थांबा."

पुन्हा उचलले. असं अकरा वेळा झालं. मी मोजत होते, कारण मोजण्याशिवाय मला दुसरं काम नव्हतं. वाटीतलं तेल गार होऊन गेलं. शेवटी ती खुर्चीवरून उठली, चपला पायात सरकवल्या आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

"छान झालं," विभावरीताई म्हणाल्या.

"काय छान झालं, ताई? पायाला तेलसुद्धा लागलं नाही."

"मालनबाई, ती अकरा वेळा थांबा म्हणाली आणि समोरचं माणूस अकरा वेळा थांबलं. हे तिच्या बाबतीत याआधी कधी झालं असेल, असं वाटतं तुम्हाला?"

मी वाटी उचलली आणि धुवायला गेले. त्या बाईला मी ओळखलं होतं.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. तेव्हा मी पन्नाशीला आले होते. सांगलीत बावीस वर्षं मी बाळ-बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायचं काम केलं. सकाळी सहाला घर सोडायचं, तीन-तीन घरं करायची, बाळंतिणीला तेल लावून शेक द्यायचा, बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालायची. पुढे बुटक्या पाटावर बसून गुडघे गेले, तसं ते काम सुटलं. त्याच सुमारास विभावरीताईंनी मला विचारलं. मारझोडीतून सुटून आलेल्या बायकांसाठी मिरज रस्त्याला त्यांचं आधारघर होतं. तिथल्या बायकांची अंगं दगडासारखी घट्ट झालेली असायची. कुणाला झोप नाही, कुणाची मान वळत नाही, कुणी नुसता खांद्याला धक्का लागला तरी किंचाळायची. पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई येऊन आम्हा दोघीतिघींना बारा दिवस शिकवून गेल्या. तेल कसं लावायचं हे त्यांनी मला शिकवलं नाही, ते मला येतच होतं. हात कधी लावायचा नाही, ते शिकवलं.

पाठीमागून यायचं नाही. हात ठेवण्याआधी कुठे ठेवणार ते सांगायचं. कपडे तिचे अंगावरच राहतील, तिला वाटलं तरच बाही वर जाईल. दाराची कडी तिच्या हाताशी. आणि ती थांबा म्हणाली की हात उचलायचे, का म्हणून विचारायचं नाही.

मला हे सगळं पहिल्यांदा खुळचटपणाचं वाटलं होतं. सहा महिन्यांत वाटेनासं झालं.

स्वरूपाचा चेहरा मी ओळखला नसता. केस मानेपर्यंत कापलेले, गाल बसलेले, अंगावर कुणाचा तरी ढगळ पंजाबी ड्रेस. मी ओळखली ती पावलं. डाव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं होतं. तीन वर्षांपूर्वी हेच पाऊल मी सव्वा महिना रोज हातात घेतलं होतं. हळदीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची ती सून. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मला बोलावलं होतं. त्या घरी मी तिला वहिनी म्हणायची.

आधारघरात सगळ्याच बायका ताई. म्हणून मीही ताई म्हटलं आणि गप्प बसले.

पुढच्या गुरुवारी, दुसऱ्या खेपेला, तिने सात वेळा थांबवलं. तिसऱ्या खेपेला तीन वेळा, आणि मग पाऊल माझ्या हातात राहू दिलं. मी टाचेपासून अंगठ्याने हळूहळू वर येत होते. विभावरीताईंना तेवढ्यात फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. जाताना तिला विचारून गेल्या, "मी दोन मिनिटं बाहेर जाऊ का, चालेल?" ती चालेल म्हणाली.

त्या गेल्या आणि ती खालच्या आवाजात म्हणाली, "मालनकाकू, मला ओळखलं का?"

माझं नाव तिला तिथे कुणी सांगितलं असेल, असं मी मनाला सांगितलं.

"नाही, ताई," मी म्हटलं. "खूप बायका येतात इथे."

तिने पाऊल काढून घेतलं. थांबा म्हणाली नाही. चपला न घालताच ती खोलीतून गेली.

पुढचे दोन गुरुवार ती आली नाही. मी आपली जायची, बाकीच्या बायकांचं करायची, आणि दाराकडे बघत राहायची. घरी भाजी चिरताना सुरी हातातच राहायची. मी खोटं का बोलले हे मला नीट माहीत होतं. माझा जावई तानाजी त्याच व्यापाऱ्याच्या गोदामात वजनकाट्यावर होता. ती नोकरी मीच तिच्या सासूला, माईंना, सांगून लावून दिली होती. त्या बाळंतपणाच्या नंतर.

तिसऱ्या गुरुवारी मी विभावरीताईंना विचारलं, "ती स्वरूपाताई कुठे आहे?"

"मागच्या अंगणात बसते. मालनबाई, तिची मुलगी सासरी ठेवून घेतलीय. कोर्टात मुलीसाठी अर्ज केलाय. ते म्हणतात, ही वेडी आहे, बाळंतपणानंतर डोकं फिरलं, अंगावरचे डाग हिनेच माहेरी जाऊन करून घेतले. आपला डॉक्टर सांगतो डाग जुने आहेत, पण नेमके कधीचे ते त्याला सांगता येत नाही. सासरच्या घरात असताना ते कुणी बाहेरच्या माणसाने पाहिलेत का, हे वकीलबाई रोज विचारतात. ती म्हणते, नाही."

"ती नाही म्हणते?"

"हो. का?"

मी तशीच मागे गेले. ती पायरीवर बसून शेंगा सोलत होती. मी समोरून गेले, तिला दिसेन अशी, आणि चार पावलांवर थांबले.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

"माहीत आहे." तिने शेंग सोलायची थांबवली नाही. "'पावलावर ठेवते हं' म्हणालात ना, तेव्हाच मी आवाज ओळखला."

"मग आलात कशाला दुसऱ्या वेळी?"

"बघायचं होतं. तुम्ही थांबता का."

मी पायरीच्या खाली जमिनीवरच बसले. गुडघा दुखला.

"वकिलांना माझं नाव का नाही सांगितलं?"

"नाव सांगून काय करू? तुम्ही येऊन नाही म्हणाला असता. मग माझं उरलंसुरलं पण गेलं असतं." ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. "काकू, नववा दिवस आठवतो?"

"हो."

"सगळा?"

"सगळा."

"कोर्टात सांगाल?"

मी लगेच हो म्हटलं नाही. हे मी इथे लपवत नाही. मला तानाजी दिसत होता, माझी लेक उज्ज्वला दिसत होती, तिची दोन पोरं. अंगणात कुणाची तरी धुतलेली चादर वाऱ्याने आपटत होती. स्वरूपा पुन्हा शेंगा सोलायला लागली. तिने मला एकदाही घाई केली नाही.

"सांगेन," मी म्हटलं.

"त्यांनी केलं तेवढंच नको," ती म्हणाली. "तुम्ही केलं ते पण. अर्धं सांगणार असाल तर येऊ नका."

साक्षीदारांत माझं नाव गेलं आणि आठवड्याच्या आत उज्ज्वला माझ्या दारात उभी राहिली. आत आली नाही.

"आई, तू कोर्टात जाणार आहेस?"

"आत तरी ये."

"यांना मुकादमाने बोलावून घेतलं. म्हणाला, तुमच्या सासूबाईंची तब्येत बरी नाही असं ऐकतो, त्यांना कोर्टकचेरी झेपायची नाही. एवढंच म्हणाला. अजून काय म्हणायला पाहिजे होतं?"

"उज्ज्वला, मी बघितलंय ते."

"तीन वर्षं नव्हतं ना बघितलंस? अजून नाही बघितलं तर काय बिघडेल?"

ती चूक बोलत नव्हती. बावीस वर्षांत मी किती घरांत किती काय बघितलं होतं आणि किती वेळा नव्हतं बघितलं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्याच गप्प बसण्यावर तिची शाळा झाली होती.

"तू माझी लेक आहेस," मी म्हटलं. "पण मी जाणार."

ती जिन्यावरून खाली उतरली. पायांचा आवाज थांबेपर्यंत मी दारात उभी होते.

तारखेच्या दिवशी मी अकराच्या आधीच कोर्टाच्या व्हरांड्यात पोचले. विभावरीताई वकीलबाईंकडे गेल्या होत्या. बाकावर मी एकटी. आणि माई समोरून आल्या. तीच निऱ्या न मोडलेली सुती साडी, तोच मवाळ आवाज. माझ्या शेजारी येऊन त्या बसल्या, जशा काही आम्ही देवळात भेटलो होतो.

"मालन, किती दिवसांनी गं. माझी पाठ धरते हल्ली, तुझी आठवण येते. येत नाहीस ती."

"गुडघे गेले, माई."

"तानाजी चांगला आहे हो तुझा. सरळ माणूस." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुझे हात मऊ आहेत, मालन. तोंड पण तसंच होतं तुझं. कुणी काही शिकवलं म्हणून माणसाने आपली जात सोडू नये."

माझ्या हातावर तो हात होता आणि मला तो काढा म्हणता येत नव्हतं. आधारघरात मी महिनोन् महिने बायकांना सांगत होते, नको असेल तेव्हा सांगा. मग आतून माझ्या नावाचा पुकारा झाला. मी उठले, तेव्हाच तो हात सुटला.

स्वरूपा पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या पलीकडे तिचा नवरा, पांढरा शर्ट, मोबाइल बंद करून खिशात ठेवणारा. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

आमच्या वकीलबाईंनी विचारलं तसं मी सांगितलं. बाळंतीण दवाखान्यातून घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून मी जात होते. आठव्या दिवशी पाठीला तेल लावलं तेव्हा पाठ साफ होती. नवव्या दिवशी पाठीवर भाजल्याचे चार डाग होते, ताजे, पाणी धरलेले. तापवलेल्या कलथ्याचे असतात तसे. मी विचारलं तेव्हा न्हाणीघराच्या दारातून माई म्हणाल्या, पाणी जास्त कढत झालं. पण अंघोळ अजून झाली नव्हती, पाणी चुलीवरच होतं.

मग त्यांचा वकील उठला. तरुण होता, नम्रपणे बोलायचा.

"मावशी, तुम्ही हे कुणाला सांगितलंत तेव्हा?"

"कुणाला नाही."

"पोलिसांना? हिच्या आईवडिलांना? तुमच्या घरी?"

"नाही."

"त्यानंतर किती दिवस काम केलंत त्या घरी?"

"एकतीस दिवस."

"जाताना साडी मिळाली?"

"मिळाली."

"जावयाला नोकरी?"

"मिळाली."

"म्हणजे इतकं भयंकर काही तुम्ही पाहिलंत, आणि एकतीस दिवस रोज त्याच पाठीला तेल लावत राहिलात. हे कुणाला पटेल का? खरं असं आहे की तेव्हा तिथे काही नव्हतंच. म्हणून तुम्ही बोलला नाहीत."

"होतं."

"मग का नाही बोललात?"

मी स्वरूपाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते.

"मी सांगते," मी म्हटलं. "माई दारातून गेल्या, टॉवेल आणायला. तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. म्हणाली, काकू, माझ्या भावाला फोन करा, मला घेऊन जायला सांगा, मी नंबर सांगते. तिने नंबर सांगितला पण. मी तिची बोटं सोडवली. ती घट्ट धरून होती, म्हणून एकेक करून सोडवावी लागली. मी म्हटलं, वहिनी, पाणी गार होतंय. मग माई आल्या. मी डाग सोडून बाकीच्या पाठीला तेल लावलं. त्यानंतर रोज तसंच लावलं. डाग सोडून. एकतीस दिवस तिने मला परत काही विचारलं नाही, आणि मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही."

टाइप करणाऱ्या बाईचा हात थांबला होता.

"नंबर आठवतो तुम्हाला?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

मी सांगितला. सगळा सांगितला. मी तो कधी लिहून घेतला नव्हता, पण तो मला सुटला नव्हता. वकीलबाईंनी कागद चाळून तो स्वरूपाच्या भावाचा जुना नंबर असल्याचं दाखवलं.

त्यांच्या वकिलाने आणखी काही विचारलं नाही.

मुलीचा ताबा स्वरूपाला मिळायला पुढे सात महिने लागले. मारहाणीचा खटला त्यानंतरही कितीतरी वर्षं चालला, आणि त्यात नवऱ्याला व्हायला हवी तेवढी शिक्षा झाली नाही. तानाजीचं काम साक्षीनंतर पंधरा दिवसांत गेलं. तो कुपवाडला एका कारखान्यात लागला, रोजचे दोन तास सायकलवर. उज्ज्वला दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. तानाजी मात्र दिवाळीला पोरांना घेऊन यायचा, चहा घ्यायचा आणि त्या विषयावर कधी एक अक्षर काढायचा नाही.

स्वरूपा दर गुरुवारी येत राहिली. पावलं झाली, पोटऱ्या झाल्या, पुढे कोपरापर्यंत हात. आम्ही फारसं बोलायचो नाही. मी एकदा माफी मागितली. ती म्हणाली, "काकू, ते मला जमत नाहीये अजून. जमलं तर सांगेन." मी पुन्हा विचारलं नाही. पाठीचं नाव तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

कोल्हापुरात एका शाळेच्या ऑफिसात तिला नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी दुपारी ती आली. तिची साडेचार वर्षांची मुलगी शर्वरी बाहेर अंगणात बाकीच्या पोरांत खेळत होती, तिचा आवाज खिडकीतून येत होता. स्वरूपाने दाराला कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला, आणि कुर्त्याची मागची बटणं काढून गादीवर पालथी झोपली. तोंड माझ्याकडे वळवून.

"आज पाठ करा," ती म्हणाली.

"उजव्या खांद्यावर हात ठेवते," मी म्हटलं.

"हं."

ठेवला. तिचा श्वास अडकला, मग सुटला. मी खांद्यापासून मणक्याच्या कडेने हळूहळू खाली आले. कुठे हात जाणार ते दर वेळी सांगत होते. डागांपाशी आले आणि थांबले.

"काकू, ते कसे दिसतात?"

"तुम्ही बघितलेच नाहीत?"

"नाही. डॉक्टरने फोटो काढले, कागदात लावले. मी बघितले नाहीत. आरशात पण नाही. केस कापले ना, तेव्हापासून आरशाकडे पाठच केली नाही." ती गादीच्या कडेशी बोटाने चाळा करत होती. "तुम्हीच सांगा. तुम्ही बघितलेत."

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"चार आहेत," मी म्हटलं. "एक डाव्या खांद्याच्या हाडाखाली. तुमच्या अर्ध्या तळहाताएवढा असेल. कडा पांढरी झालीय, मधे थोडा काळपट. त्याच्या खाली दुसरा, त्याहून लहान. तिसरा आडवा आहे, कमरेच्या वर, करंगळीएवढा. चौथा आता नीट दिसतही नाही. हाताला लागतो तेवढाच."

"हात लावून दाखवा."

मी चारही जागी बोट ठेवलं, एकामागून एक, आणि दर वेळी सांगितलं, हा. बाहेर शर्वरी कुणाला तरी मोठ्याने नावं ठेवत होती.

"अजून?" तिने विचारलं.

"अजून काही नाही. चारच."

मग तिचे खांदे हलायला लागले. मी हात उचलले, पण ती म्हणाली, "राहू द्या." मी ठेवले.

"मला वाटत होतं," ती म्हणाली, "सगळी पाठच गेलीय."

"नाही," मी म्हटलं. "बाकी सगळी पाठ चांगली आहे."